रामलिंग सरांचं नाक

रामलिंग सरांचं नाक गेलं ते २०२१ च्या एप्रिलमध्ये. कोरोनातून माणूस वाचला, ताकद परत आली, केस परत आले, वास तेवढा आला नाही. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर फोडणी कळत नाही म्हणून चार दिवस कुरकुर करून त्यानं सोडून दिलं असतं. पण रामलिंग सर लातूरजवळच्या एका दारूच्या कारखान्यात ब्लेंडर होते. कोणत्या बॅरलचा माल कशात किती मिसळायचा, हे नाकानं ठरवणारा माणूस. तीस वर्षं त्यांनी दुसरं कामच केलं नव्हतं.

हे गुपित कारखान्यात दोघांनाच माहीत होतं. एक प्रयोगशाळा सांभाळणारी उज्वला आणि दुसरा बॅरल दुरुस्त करणारा मकसूद.

उज्वला लोहा तालुक्यातल्या एका खेड्यातली. नांदेडला केमिस्ट्री शिकली आणि सत्ताविसाव्या वर्षी या कारखान्यात मुलाखतीला आली तेव्हा टेबलापलीकडचे सगळे एकमेकांकडे बघून हसले होते. दारूच्या कारखान्यात बाई, तीही कधी थेंब न चाखलेली. एकटे रामलिंग सर हसले नव्हते. त्यांनी तिच्यासमोर पाच छोट्या शिशा ठेवल्या. तिनं एकेक हुंगली आणि चौथीवर थांबून म्हणाली, "ही रॉकेलच्या कॅनमधून आणलीय का? धुतलाय चांगला, पण गेला न्हाई वास." सरांनी फाईल बंद केली आणि म्हणाले, "हिला घ्या."

तिला सगळं सरांनीच शिकवलं. आधी डोळ्यानं बघ, मग नाक, मग जीभ. जिभेवर घेऊन थुंकायचं, गिळायचं नाही. चौदा वर्षांत उज्वलानं एक घोट गिळला नव्हता, आणि कारखान्यातला प्रत्येक बॅरल तिला डोळे मिटून ओळखता येत होता.

म्हणून जेव्हा सर आजारातून उठून कामावर आले, प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि "उज्वला, मला काहीच येत नाही गं" म्हणत लहान मुलासारखे रडले, तेव्हा ती लगेच म्हणाली, "मी आहे ना सर."

तेव्हापासून ठरून गेलं. रोज सकाळी दहाला ती नमुने हुंगायची, चिठ्ठीवर लिहायची. सर ती चिठ्ठी आपल्या अक्षरात रजिस्टरला उतरवून सही करायचे. वर्षभरात परत येईल, डॉक्टर म्हणाले होते. वर्षाची चार वर्षं झाली. मालक वीरण्णा पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या रामलिंगचं नाक म्हणजे देवाची देणगी." सर मान खाली घालून हसायचे. सुरुवातीला उज्वलाला त्यांची कीव यायची. मग ती मान खाली घालण्याची पद्धत तिला खुपायला लागली. चिठ्ठीत खाडाखोड असली तर सर आता चिडायचे. "नीट लिहीत जा, मला वाचता आलं पाहिजे." जणू तीच त्यांची कारकून.

मकसूद एकदा तिला गोदामात म्हणाला होता, "ताई, मी लाकडाचा माणूस. आतल्या मालाशी माझा संबंध न्हाई. पण एक सांगतो, पीप गळत असलं की बाहेरून दिसतं, लोक फक्त बघत न्हाईत." तिनं हसून विषय बदलला होता.

बेटावरची बाटली आली ती गेल्या डिसेंबरात.

वीरण्णांना आता मळीची दारू पुरत नव्हती. स्कॉटलंडच्या बेटांवर जशी धुरकट वासाची सिंगल माल्ट करतात तशी लातुरात करायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. तीन वर्षांपूर्वी धुरावर सुकवलेल्या जवाचा माल बॅरलमध्ये भरूनही ठेवला होता. आता तो बाहेर काढायच्या आधी खऱ्याशी ताडून बघायचा म्हणून त्यांनी एक बाटली मागवली. बॅरलमधून काढल्यावर पाणी न घालता तशीच भरलेली, अठ्ठावन्न टक्क्यांची. आपल्याकडची नेहमीची बाटली बेचाळीस पूर्णांक आठची. म्हणजे ही निव्वळ आग.

बाटली प्रयोगशाळेत आली आणि सर म्हणाले, "आज चिठ्ठी नको. आज सविस्तर लिही. आणि कोरडं लिहू नकोस. मालकांना असं काहीतरी पाहिजे की वाचणाऱ्याच्या अंगावर आलं पाहिजे. मनातून लिही."

उज्वलानं ग्लासात थोडीशी ओतली. रंग उसाच्या ताज्या रसाला उन्हात धरावं तसा, फिका. नाक लांबच ठेवलं, कारण एवढ्या कडक मालाला जवळ गेलं की आधी चटका बसतो आणि पुढचं काही कळत नाही. मग हळूहळू जवळ गेली.

आधी धूर आला. पण लाकडाचा नव्हे. त्या बेटांवर लाकूड नसतं, दलदलीतली कुजून दबलेली काळी माती वाळवून जाळतात, हे तिनं वाचलेलं होतं. नाकाला मात्र दुसरंच कळलं. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर, त्यात ज्वारीची कोवळी कणसं, जळालेली कुसळं. हुरड्याची आगटी. त्याच्या मागून दवाखाना आला, आयोडिनची पट्टी. मग ओलं गोणपाट. मग खारटपणा. लोक त्याला समुद्राचा वास म्हणतात. उज्वलानं समुद्र एकदाच पाहिला होता, लग्नानंतर, तोही बसच्या खिडकीतून. तिच्यासाठी खारं म्हणजे गाडी ओढून आलेल्या बैलाच्या पाठीवर वाळलेला घाम.

तिनं ग्लास खाली ठेवला. चारही वास एकाच दिवसाचे होते.

ती नऊ वर्षांची असताना शेतात हुरड्याला पाहुणे आले होते. ती धावताना अडखळली आणि आगटीवर तोंडावरच जाणार होती. तिच्या आईनं, तारामतीनं, बसल्या जागेवरून झेप घेतली. एका हातानं तिला ढकललं, दुसरा हात कोपरापर्यंत निखाऱ्यात गेला. ओल्या गोणपाटात हात गुंडाळून आईला बैलगाडीतून लोह्याच्या दवाखान्यात नेलं. पुढे दोन महिने तारामती तो पट्टी बांधलेला हात उज्वलाच्या अंगावर टाकून झोपायची. आयोडिन आणि जळकं, असा वास असायचा. आई ओरडली असेल, रडली असेल, ते तिला आठवत नव्हतं. वास आठवत होता. तारामती जाऊन सहा वर्षं झाली होती.

उज्वलानं ते सगळं लिहिलं. मग ग्लासात पाण्याचे थेंब टाकले. पातळ होताच माल किंचित धुकं धरल्यासारखा दिसायला लागला, खरा न गाळलेला माल असला की होतो तसा. आणि वास उघडला. चटका मागे सरला, धुरामागून गोडवा आला, झाडावर पिकून फुटलेल्या सीताफळासारखा, शेवटी काकवी. तिनं तेही लिहिलं. दोन पानं भरली. सरांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "फार छान झालंय." तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, आणि पुढे तिला स्वतःचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीसाठी आला.

जानेवारीत मालक सरांना घेऊन हैदराबादला गेले. मोठ्या हॉटेलात दीडशे लोकांसमोर नव्या मालाची घोषणा होती. उज्वलाला विचारलंही नाही. दोन दिवसांनी, दुपारी जेवणाचा डबा उघडताना, तिच्या वडिलांचा फोन आला. शेषेराव फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नसत.

"उजे, ते तुह्या कारखान्याचं माणूस मोबाईलवर बोलून राहिलंय. शेजारच्या भागवतच्या पोरीनं दाखवलं मला."

"कोण, रामलिंग सर? मालाबद्दल बोलत असतील बाबा."

"मालाबद्दल न्हाई. तुह्या मायबद्दल बोलून राहिलंय."

उज्वलाच्या हातातला घास तसाच राहिला.

"म्हणतंय, मी ल्हान असताना आगटीत पडून राहिलो होतो, माझ्या मायनं हात घातला. ओलं गोणपाट, बैलगाडी, समदं. आगं, आगटीत तू पडत होतीस. गाडी म्या हाकलली. बैल फेसाळले होते. हे त्याला कुणी सांगितलं?"

"म्याच."

"कामून?"

तिनं घास डब्यात परत ठेवला. शेषेराव म्हणाले, "लोक टाळ्या वाजवून राहिलेत त्याच्यात," आणि फोन ठेवला.

तिनं व्हिडिओ मिळवून पाहिला. सर कोट घालून उभे होते. हातात ग्लास. डोळे मिटून हुंगत होते आणि तिचे शब्द बोलत होते, एकही न बदलता. 'आईनं तो हात माझ्या अंगावर टाकला की मला झोप लागायची' या वाक्यावर त्यांचा आवाज कापला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले.

नाक तिनं दिलं होतं. आपणहून दिलं होतं, चार वर्षं. पण आई दिली नव्हती. उज्वला जेवणाचा डबा तसाच उघडा टाकून उठली.

सर टेबलाशी बसून काहीतरी सही करत होते. तिनं दार लावलं.

"सर, ती माझी आई होती."

त्यांना लगेच कळलं. "अगं, बस. ओघात बोललो. मालक म्हणाले, स्वतःचं सांगितल्यासारखं सांग. मी काय म्हणणार होतो, माझ्या असिस्टंटनं हुंगलंय?"

"हाव. तेच म्हणायचं होतं."

"आणि मग? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी. लोकांसमोर सांगू, की मला सडकं अंडं आणि गुलाब एकसारखं?"

"ते नका सांगू. पण आईचं कामून घेतलं? तुमची आई न्हाई का तुम्हाला? तिचं सांगायचं होतं काहीतरी!"

"माझ्या आईचा वास मला आता आठवत नाही," सर म्हणाले. ते खरं असावं, कारण त्यांनी ते खिडकीकडे बघत सांगितलं. पण उज्वलाला त्या क्षणी त्यांचं खरंही सहन होईना.

"म्हणून माझी घेतली?"

"आवाज खाली कर. गोष्टीला कुणी मालक असतो का? इतकी वर्षं मी तुला शिकवलं, कधी म्हणालो का माझं आहे म्हणून? आता शांतपणे ऐक. गुरुवारी अकराला शंकरप्पा येतायत, सगळ्या तेलंगणाची एजन्सी त्यांच्याकडे आहे. मालकांना त्यांच्यासमोर परीक्षा करून दाखवायचीय. तीन ग्लास, कशात काय ते मला सांगायचं नाही, मी ओळखायचं. ग्लास तूच भरणार आहेस. मला फक्त नंबर सांगून ठेव."

"न्हाई."

"उज्वला."

"न्हाई सांगणार."

सरांचा चेहरा कडक झाला. "नको सांगू. बेटाचा माल अठ्ठावन्नचा आहे, बाकी दोन बेचाळीसचे. वास येत नसला तरी नाकाला चटका बसतो, तेवढं मला अजून कळतं. जो चटका देईल तो बेटाचा. मी निभावून नेईन. पण मग माझ्यानंतर या खुर्चीवर कोण, असं मालक विचारतील तेव्हा मी तुझं नाव का घेऊ, सांग. तू पीत नाहीस. वर बाई. माझ्याशिवाय या कारखान्यात तुझ्या नाकाला विचारतो कोण?"

उज्वला दार उघडून बाहेर आली. गोदामाच्या सावलीत मकसूद एका बॅरलच्या कड्या ठोकत बसला होता. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातोडी खाली ठेवली. तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका चढला की वजनकाट्यावरचे दोघं वळून बघायला लागले.

"मालकाला जाऊन सांगा सरळ," मकसूद म्हणाला.

"मालक मला खरी धरतील की त्यांना?"

मकसूदनं हातोडी पुन्हा उचलली, म्हणजे त्याचंही तेच उत्तर होतं.

पुढचे तीन दिवस तिला राग नीट झोपू देईना. नवरा नायगावच्या शाळेत शिक्षक, शनिवारी यायचा. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे, मोठा माणूस आहे, शिकवलंय त्यानं तुला. तिनं फोन आपटला. शिकवलंय म्हणून काय काय द्यायचं, याचा हिशेब कुणीच तिला सांगत नव्हतं. सरांचं चिडणं, धमकावणं ती एखाद्या वेळेस गिळून गेली असती. 'गोष्टीला मालक असतो का' हे वाक्य तिला गिळता येईना. तारामतीला मरेपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं वाकवता येत नव्हती. भाकरी थापताना ती ताठ राहायची. त्या बोटांना मालक होता.

बुधवारी दुपारी तिचं ठरलं.

गुरुवारी साडेदहाला तिनं प्रयोगशाळेत तीन ग्लास मांडले. पहिल्यात कारखान्याचा नवा धुरकट माल, बेचाळीस पूर्णांक आठ. दुसऱ्यात बेटाचा माल. पण तो तिनं आधी मोजून फ्रिजमधल्या थंड पाण्यानं बेचाळीसवर आणला. मालात धुकं आलं, एसीच्या गारव्यात ते तसंच राहिलं. तिसऱ्यात कारखान्याचं साधं मळीचं स्पिरिट, साठ टक्क्यांचं, जाळलेल्या साखरेचं कॅरमेल टाकून तोच फिका रंग आणलेलं. त्याला वास असा नव्हताच. नुसता चटका.

हे फसवणं होतं, हे तिला माहीत होतं. ती स्वतःशी खोटं बोलली नाही. सरांनी फक्त डोळ्यानं पाहिलं असतं तरी त्यांना कळलं असतं, कारण मळीचं स्पिरिट काचेसारखं नितळ होतं आणि दुसऱ्या ग्लासात उघड धुकं होतं. आधी डोळा, असं त्यांनीच चौदा वर्षं घोकून घेतलं होतं. तिनं त्यांना तेवढी एक वाट ठेवली होती. ठेवली होती की चिडवायला ठेवली होती, ते तिला सांगता आलं नसतं.

गेस्ट हाऊसच्या खोलीत वीरण्णा, पांढऱ्या सफारीतले शंकरप्पा, त्यांची दोन माणसं आणि सर बसले होते. उज्वलानं ट्रे ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"बघा हं शंकरप्पा," वीरण्णा म्हणाले, "हा माणूस नाकानं गाव सांगतो मालाचं."

सरांनी डोळे मिटून पहिला ग्लास नाकाशी धरला, मान हलवली. दुसरा धरला, पटकन खाली ठेवला. डोळे तेव्हाही मिटलेलेच होते. तिसरा जवळ नेला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साठ टक्क्यांचं स्पिरिट, येणारच. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. उज्वलानं ती पाहिली, आणि क्षणभर तिला वाटलं, अजून थांबवता येईल.

मग सर म्हणाले, "हा. हा बेटाचा. याच्यात माझी आई आहे, शंकरप्पा."

आणि त्यांनी गोष्ट सुरू केली. हुरडा, आगटी, गोणपाट. शंकरप्पा पुढे झुकून ऐकत होते. सर बैलापर्यंत आले तेव्हा उज्वला भिंतीपासून सुटी झाली.

"सर, ते मळीचं स्पिरिट आहे."

वीरण्णांनी तिच्याकडे मान वळवली.

"तिसऱ्या ग्लासात आपल्याच टाकीतलं मळीचं स्पिरिट आहे. कॅरमेल घातलेलं. बेटाचा माल दुसऱ्यात आहे, पाणी घालून. हुंगून बघा कुणीपण. शंकरप्पा, तुम्ही बघा."

"बाई!" वीरण्णा उठले. "काय लावलंय हे?"

"मालक, सरांना चार वर्षं झाली वास येत न्हाई. कोरोनापासून. रजिस्टरला जे आहे ते समदं माझं आहे. आणि आत्ता जी बाई आगटीत हात घालून राहिली ती माझी माय आहे. तारामती तिचं नाव. हात कोपरापर्यंत जळाला तिचा, माझ्यापायी. यांच्यापायी न्हाई!"

तिला ओरडायचं नव्हतं. पण ती ओरडत होती आणि तोंडातून गावाची भाषा येत होती, जी या खोलीत तिनं कधी काढली नव्हती.

शंकरप्पांनी तिसरा ग्लास हुंगला, नाक आक्रसलं. दुसरा घेतला. बराच वेळ नाकाशी ठेवला. मग वीरण्णांकडे बघून एवढंच म्हणाले, "बाई खरं सांगते."

सर ग्लासांकडे बघत होते. आता, पहिल्यांदाच, डोळे उघडे ठेवून. दुसऱ्या ग्लासातलं धुकं त्यांना दिसलं असावं. ते उठले आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. चप्पल घालायलाही त्यांना वेळ लागला. ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

वीरण्णा चिडले, पण उज्वलावर. पाहुणे गेल्यावर त्यांनी तिला अर्धा तास झापलं. घरातली भांडणं पाहुण्यांसमोर काढतं का कुणी? मला एकट्याला येऊन सांगता येत नव्हतं? ती ऐकून घेत राहिली. त्यांचं अर्धं खरं होतं. शेवटी ते थकून खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरं, झालं ते झालं. शंकरप्पा माल घ्यायला तयार आहेत. रामलिंगला मी घरी बसवतो. ब्लेंडर तुम्ही. पण ती गोष्ट तेवढी ठेवायची. बाटलीच्या मागच्या लेबलवर छापून आलीय. उलट आता जास्त चांगलं, बाईमाणसाची आई. तुमचं नाव टाकू."

उज्वलाला वाटलं होतं, राग संपला. तो संपला नव्हता.

"न्हाई, मालक."

"आता काय न्हाई?"

"आईचा हात लेबलवर जाणार न्हाई. माझ्या नावानं न्हाई, कुणाच्याच नावानं न्हाई."

"अहो, लेबलं छापून झाली!"

"मग दुसरी छापा. तोवर मी एकाही बॅरलवर सही करणार न्हाई."

वीरण्णांनी हात जोडले, मग टेबलावर आपटले, मग पुण्याहून दुसरा माणूस आणतो म्हणाले. आणलाही. तो दोन दिवस राहिला, त्याला लातूरच्या उन्हात तीन वर्षं मुरलेले बॅरल एकमेकांपासून वेगळे करता येईनात. नवव्या दिवशी मालकांनी जुन्या लेबलांचे गठ्ठे बॉयलरमध्ये टाकायला सांगितले. नव्या लेबलवर धूर, खारटपणा आणि सीताफळ एवढंच आलं. खाली बारीक अक्षरात तिचं नाव. शेषेरावांना तिनं फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं." त्यांना दारूचा कारखाना कधीच आवडला नव्हता.

फेब्रुवारीत एका सोमवारी सर आपलं सामान न्यायला आले. बारीक झाले होते. कपाटातून पुस्तकं, चष्म्याची जुनी घरं, एक स्वेटर काढलं. उज्वला टेबलाशी काम करत राहिली. सगळं पिशवीत भरून झाल्यावर ते दाराशी थांबले.

"चटक्याचं तुला मीच सांगितलं होतं," ते म्हणाले.

"हाव."

"चांगलं जमवलंस."

तिनं मान वर केली नाही. त्यात कौतुक होतं की टोमणा, तिला ठरवायचं नव्हतं.

"उज्वला, एक विचारू? तू लिहिलं होतंस, पाणी घातल्यावर सीताफळ येतं. धुराच्या मागून. ते कसं येतं? एकदम येतं, की हळूहळू? मी खूप आठवून बघतो. मला सीताफळाचा वासच आठवत नाही."

ते अजून उभे होते. त्यांच्या आवाजात कसलीही चलाखी नव्हती. तिला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. आधी चटका बाजूला होतो, धूर पातळ होतो, आणि मग...

"मी सांगणार न्हाई, सर," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि गेले.

दुपारी मकसूद नवीन बॅरलची यादी घेऊन आला. त्यानं फाटकाशी सरांना पाहिलं होतं. "काय म्हणत होते?"

"वास विचारत होते."

"मग?"

"न्हाई सांगितला."

मकसूद यादीकडे बघत राहिला. "सांगायला पायजे होता ताई. म्हातारा माणूस."

"तुमची अम्मी असती मकसूदभाई, तुमची अम्मी त्यानं दीडशे लोकांत स्वतःची म्हणून सांगितली असती, तर तुम्ही सांगितला असता?"

मकसूदनं खरंच विचार केला. मग म्हणाला, "मला माहीत न्हाई."

"मलापण न्हाई," उज्वला म्हणाली. तिनं यादी त्याच्या हातातून ओढूनच घेतली आणि पहिल्या बॅरलचा नंबर वाचला.